पाणी भरायचं काम

जळगावात क्रेन आणि जेसीबीच्या बॅटऱ्या तपासण्यात नवलभाऊंची निम्मी हयात गेली होती. त्यामुळे सोयरिकीसाठी कुणाचं घर बघायला गेले, तरी त्यांची नजर आधी अंगणातल्या गाडीच्या बॅटरीकडे जायची. मशीन घरादाराला पोसतं आणि बॅटरीचं झाकण पुसायला कुणाला वेळ नसतो, या गोष्टीची त्यांना भारी चीड होती. आज मात्र बघायचं घर पोटच्या पोरीसाठी होतं. दोंडाईच्याजवळच्या सुकदेव नानांचा मुलगा बबलू घरचाच जेसीबी चालवायचा, आणि रोशनीला तो पसंत होता. “पण घर तुम्ही बघा पप्पा. तुम्ही हो म्हटलं तरच माझं हो,” असं म्हणून तिने सगळा भार बापावर टाकला होता.

पोहे झाले, चहा झाला. मग नाना त्यांना मोठ्या तोऱ्यात मशीन दाखवायला अंगणात घेऊन आले. बबलूने वर चढून चावी फिरवली. मशीन नुसतं टक्क करून गप्प बसलं.

“तुम्ही ते बॅटरीवाला शेतस भाऊ,” नाना ओशाळून म्हणाले. “देखा ना जरा.”

नवलभाऊ खुशीत उठले. बॅटरीतल्या ॲसिडाची ताकद मोजायचा हायड्रोमीटर त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत कायम असायचा. तो घेऊन ते आले, बॅटरीच्या पेटीचं झाकण उचललं, आणि झटकन तोंड मागे घेतलं.

गुटख्याच्या पिचकाऱ्या बॅटरीवर वाळून काळ्या पडल्या होत्या. एक तर आजचीच होती, अजून ओली. टर्मिनलवर हिरवट पांढरा थर चढलेला, त्यात तेलकट चिंध्या कोंबलेल्या. दोन बुचं गायब, त्या जागी कॅरीबॅगचे बोळे. आणि या सगळ्यावर सडक्या अंड्यांचा वास. लोक उकिरडासुद्धा याहून बरा ठेवतात, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण व्याही होऊ घातलेल्या माणसापुढे त्यांनी ते गिळलं.

“जान शे अजून तिन्हामा, देखा!” असं म्हणत बबलूने खाली उतरून लोखंडी पाना सरळ दोन्ही टर्मिनलांवर टेकवला. चर्रकन ठिणगी उडाली. नवलभाऊंनी त्याचा हात झटकला.

“अरे, गॅस साठलेला असतो इथं! तोंड उडेल तुझं!”

बबलू हसला आणि तिथेच टायरवर थुंकला. नवलभाऊंना शिसारी आली. फोटोत किती नीटनेटका दिसत होता हा! पोरीने तोच फोटो मोबाईलवर लावून ठेवला होता.

त्यांनी नाक दाबून, फडक्याने जमेल तेवढं पुसून बॅटरीच्या एकेका घरातलं पाणी हायड्रोमीटरमध्ये ओढलं. आतला तरंगता काटा दरवेळी तळाला जाऊन बसला. ॲसिडात काही दमच उरला नव्हता. दोन घरांत तर पाणी पार खाली गेलेलं, पांढऱ्या पडलेल्या प्लेटा उघड्या.

“डिस्टिल्ड पाणी घालता ना?”

“बोरिंगनं,” बबलू म्हणाला. “गोडं शे आमनं पानी.”

“घालतं कोण?”

“माय. पानी भरनं बायासनं काम शे ना आमना घरमा. पेवानं ऱ्हावो, नही ते बॅटरीनं ऱ्हावो.” यात सांगण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्याने त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, “माय, कळशी लई ये!”

बबलूची आई, भागाबाई, कळशी घेऊन बाहेर आल्या. कुणाकडे न बघता त्यांनी उघड्या बोटांनी बुचं बाजूला सारली आणि पाणी ओतलं. ते भरून वाहिलं, बोटांवरून, मनगटावरून, साडीवर. त्यांनी पदराला हात पुसले. गुडघ्यापासून खाली त्या साडीची चाळण झाली होती. बोटांची कातडी पांढरी पडून फाटली होती, नखं खाल्ल्यासारखी झाली होती.

“अक्का, आधी हात धुवा!” नवलभाऊंनी कळशी हिसकावून घेतली आणि त्यांच्या हातांवर धार धरली. “ॲसिड आहे ते! हातमोजे देत नाही का रे आईला?”

“आते रोशनी सून व्हईसन घरमा उनी का हिले आरामच शे,” नाना समजुतीच्या सुरात म्हणाले.

भागाबाई पहिल्यांदाच हसल्या. अगदी मायेने हसल्या. “पोरीले सुती साड्या देऊ नका, भाऊ. आठे टिकत नहीत. नायलॉन द्या.”

नवलभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मघापासून त्यांना बॅटरीवरच्या घाणीची किळस येत होती. आता समोरच्या या दोन धडधाकट बाप्यांकडे बघवेना.

“साड्या देत नाही, अक्का,” ते म्हणाले. “पोरगीही देत नाही. नाना, हे स्थळ आम्हाला नको. का नको, ते रोशनीला मी घरी गेल्यावर सगळं सांगेन.”

नाना भडकले. बॅटरीपायी कुणी सोयरीक मोडतं का, म्हणून ओरडायला लागले. बबलू वडिलांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. भागाबाईंनी नवलभाऊंच्या हातातली कळशी घेतली, घराकडे वळताना त्यांच्याजवळून गेल्या आणि त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “बरं करं तुम्ही, भाऊ.”