बारीक तारेची शीळ

“ही शीळ कसली लिहिलीय तुम्ही?” बाईंनी वही दिव्याखाली धरत विचारलं.

मेकॅनिकने मान पुढे काढून आपलंच अक्षर वाचलं. “ते होय? सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली ना, की मधूनच शिट्टी निघते, बाई. सूर राहतो बाजूला.”

“वाजवा बघू.”

त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि गज शेजारच्या तारेवरून बारीक तारेवर आणला. शीळ आली. चांगली कान किटवणारी आली. बाई मान कलती करून उभ्याच होत्या.

“हं, चालू ठेवा. आली की सांगा,” त्या म्हणाल्या.

ही बाईंची परीक्षा असावी असं मेकॅनिकला वाटलं. शाळेत गणिताचे मास्तर चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच ठेवून ‘बरोबर आहे ना रे?’ म्हणून विचारायचे, तशातली. तो “आत्ताच आली होती” म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वही मिटून “पुढच्या वेळी बघू” म्हणून विषय संपवला.

हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करणारा. तीस वर्षं त्याने लिफ्टच्या खोल्यांमध्ये ग्रीसने हात काळे केले होते आणि बिघाड डोळ्यांआधी कानांनी शोधला होता. बाईंची ओळखही त्यातूनच झाली. त्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, व्हायोलिन शिकवायच्या आणि त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये जरा कुठे कुरकुरलं की रखवालदाराच्या टेबलावरच्या तक्रारवहीत पहिली नोंद त्यांची पडायची. इतर मेकॅनिक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. याने मात्र एकदा त्यांनी सांगितलेला आवाज खरंच शोधून काढला. “चला, कान असलेला माणूस भेटला एकदाचा,” बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा याने धीर करून विचारलं होतं, की बावन्नाव्या वर्षी व्हायोलिन येतं का कुणाला. “कान आहेत तुम्हाला. हातांचं बघू,” असं उत्तर मिळालं.

हातांचं काही लवकर दिसेना. पहिले सात महिने दर गुरुवारी बाई तीच चूक दाखवायच्या आणि हा दर गुरुवारी तीच चूक घेऊन परत यायचा. शेवटी बाई म्हणाल्या, “घरी काय केलंत ते आठवून सांगत जाऊ नका. आठवण लबाड असते. लिहून आणा.” लिहायचं म्हटल्यावर त्याला एकच वही ठाऊक. त्याने पट्टीने रकाने आखले : तारीख, बिघाड, तपासणी, उपाय, शेरा, सही. पहिल्या पानावर ‘दुसरं बोट खाली घसरतं. तपासणी : अंगठा आवळला जातो. उपाय : अंगठा सैल’ असं वाचून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण सहीच्या रकान्यात सही केली. आणि गंमत म्हणजे वही गुणाला आली. घरच्या सहा दिवसांत कुठे अडलं ते पानावर असायचं, त्यामुळे गुरुवारचा तास थेट अडलेल्या जागेपासून सुरू व्हायचा. अंगठा महिन्याभरात सुटला. मेकॅनिकला तर छंदच जडला. रोज अर्धा तास वाजवायचं आणि पाच मिनिटं आपल्याच चुकांच्या मागावर निघायचं, यात त्याला नुसत्या वाजवण्याहून जास्त मजा येऊ लागली.

शीळ तेवढी हटेना.

“तुला येते का गं ऐकू?” त्याने बायकोला विचारलं.

“अहो, किटली ठेवलीय समजून मी दोनदा उठले,” बायको म्हणाली. “शेजारच्या वहिनीही विचारत होत्या.”

म्हणजे शीळ होती. मग बाईंना का येत नव्हती? बिघाड सापडेना की मागच्या नोंदी काढायच्या, ही त्याची जुनी सवय. त्याने वही पहिल्या पानापासून चाळली. तासाला बाईंनी स्वतःहून पकडलेल्या चुकांवर त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. जाड तारांवरची एकही चूक त्यांच्या हातून सुटली नव्हती. बारीक तारेच्या ओळींपुढे खूण नव्हती. एकसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या इमारतीत लिफ्टची ठरलेली तपासणी होती. काम आटोपल्यावर त्याने तक्रारवही मागे मागे उलटत नेली. बाईंचं टोकदार अक्षर दर महिन्याला हजर होतं : ‘बारीक आवाज येतो’, ‘पुन्हा बारीक आवाज’, ‘अजून येतो, लक्ष द्यावे’. आणि पावणेदोन वर्षांपूर्वी ते अक्षर एकदम थांबलं होतं. त्यानंतर लिफ्टच्या दाराच्या रोलरची बारीक किरकिर तिसऱ्या मजल्याने दोनदा लिहिली होती, पाचव्याने एकदा. चौथा मजला गप्प.

बिघाड सापडला की त्याला नेहमी एक समाधान वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. बाईंनी एकदा हसत हसत आपल्या गुरूंची गोष्ट सांगितली होती. म्हातारपणी त्यांचे कान गेले तरी ते शिकवत राहिले, आणि मुलं मुद्दाम बेसूर वाजवून एकमेकांना कोपरखळ्या मारायची. “मीही हसायचे त्यांत,” बाई म्हणाल्या होत्या. “माझं तसं होऊ द्यायची नाही मी. कान गेले, त्या दिवशी दार लावून घेणार.” बाईंकडे तीनच शिष्य उरले होते, हा आणि दोन शाळकरी मुली. दार लावलं तर बाईंकडे उरणार काय? आणि खरं सांगायचं तर, आपल्या गुरुवारचं काय, हेही त्याच्या मनात आलं. त्याची त्याला लाज वाटली, पण आलं.

तीस वर्षांत त्याने न तपासता ‘ठीक’ लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्यांशी भांडला होता. त्या आठवड्यात त्याने लिहिलं, ‘बारीक तार : ठीक.’

गुरुवारी बाईंनी ओळ वाचली, पण सही केली नाही. “वाजवा,” म्हणाल्या.

त्याने वाजवलं. शीळ आली. त्याने चेहरा दगडासारखा ठेवला.

“पुन्हा.”

पुन्हा आली.

“मेकॅनिक, वहीत ठीक आहे. मग तुमची डावी भुवई का उडते?” बाई म्हणाल्या. “दर वेळी त्याच जागी. गेल्या वेळेपासून बघतेय मी.”

त्याने गज खाली घेतला.

“येते ना अजून?”

“येते, बाई.”

“मोठी?”

“किटलीसारखी.”

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी वहीच्या कोपऱ्याला पडलेली दुमड बोटाने सरळ केली. “मुलं माझ्या गुरूंना हसायची ते वाईटच होतं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही मला सांभाळून घेतलंत. ते जास्त लागलं मला.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” मग त्या उठल्या. “उभे राहा नीट. कोपर जरा वर घ्या. आता?”

“आहे.”

“गज आधी बारीक तारेवर टेकवा, मग ओढा. घाई नको. आता?”

“आहे. पण कमी.”

“आता गज घोडीकडे सरकवा थोडा. केसभर. आता?”

तारेतून स्वच्छ सूर निघाला आणि खोलीभर राहिला. “गेली,” मेकॅनिक म्हणाला. त्याने पुन्हा वाजवून पाहिलं, आणखी एकदा. “गेली, बाई. खरंच गेली.” न ऐकलेला बिघाड त्यांनी कसा काढला, हे त्याला विचारायचं होतं. पण बाई त्याचं कोपर, मनगट, गजाची वाट अशा काही बारकाईने बघत होत्या की ते विचारायची गरजच पडली नाही.

“त्या दोघी मुलींना मी दुसरीकडे पाठवतेय,” त्या म्हणाल्या. “पत्ता काढून ठेवलाय. त्या काही वही लिहीत नाहीत, आणि त्यांच्या भुवया उडत नाहीत. चुकलं हे कळायला त्यांना माझा कान हवा.”

“आणि मी?”

“तुम्ही कान घेऊन येता. पण ‘ठीक’ तपासूनच लिहायचं.”

त्याने मान डोलावली. बाईंनी पेन मागितलं, त्याची ‘ठीक’ची ओळ खोडली आणि त्याखाली आपल्या टोकदार अक्षरात नवी लिहिली. बिघाड : शीळ. उपाय : कोपर वर, गज आधी टेकवणे, घोडीकडे घेणे. शेऱ्याच्या रकान्यात त्या थोड्या थांबल्या. मग लिहिलं, ‘गेली, असे मेकॅनिक म्हणतात,’ आणि सही केली.

“चला, पुढचं वाजवा,” बाई म्हणाल्या.

त्याने गज तारेवर टेकवला. बाईंनी चष्मा पदराने पुसून घेतला, खुर्ची ओढून समोर आणली आणि त्याच्या डाव्या भुवईवर नजर ठेवून बसल्या.