लंबकाच्या गोळ्यावरचा आळ

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना गोळा आहे. मोठ्या सुपारीएवढा, डोक्यावर बारीकशी कडी. भवानी पेठेतल्या एका लेथवर मला कातलं, चकचकीत केलं आणि पुण्यातल्याच एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये धाडलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली. दोऱ्याला बांधून, बुचाच्या चिरेत दोरा अडकवून मला टांगतात, किंचित बाजूला ओढून सोडतात आणि मी झुलतो. एवढंच माझं काम. नोकरीत इतकी मजा मी दुसऱ्या कुणाला आलेली पाहिली नाही.

माझ्या झुलण्यावरून मुलं पृथ्वीची ओढ मोजतात. दोऱ्याची लांबी घ्यायची, वीस झोक्यांचा वेळ घ्यायचा, सूत्रात घातलं की उत्तर ९.८ च्या आसपास येतं. खरं सांगायचं तर आणलं जातं. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं, त्यामुळे बरीच मुलं आधी ते लिहितात आणि मग मागे मागे जात रीडिंग तयार करतात. मी आपला नुसता लटकत राहतो. आमच्या उल्का मॅडम जर्नल तपासताना चष्म्यावरून बघत म्हणतात, "तुमच्या बॅचमध्ये गुरुत्वाकर्षण फारच आज्ञाधारक दिसतंय."

तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून मी फरशीवर पडलो आणि माझ्या गालाला पोचा आला. तेव्हापासून मुलं आधी गुळगुळीत गोळे उचलू लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा अवनी आणि आमोद उशिरा आले, म्हणून मी त्यांच्या वाट्याला आलो. त्यांनी मीटरभर दोरा घेतला, वीस झोके मोजले, गणित केलं. उत्तर आलं १०.८८. बाकी सगळ्या टेबलांवर ९.८. आमोदने मला फिरवून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला: पोच्यामुळे गोळ्याचा तोल गेलाय, म्हणून तो भरभर झुलतोय. शेजारचं रीडिंग उतरवू, असंही त्याने सुचवलं.

आमच्या लॅबची एक रीत आहे. बिघडलेल्या वस्तूला लाल दोरा बांधायचा आणि शनिवारी तो माल भंगारात जायचा. आमोदने माझ्या कडीला लाल दोरा बांधला. तो दिवस शुक्रवार होता. माझ्या पोटात गोळा आला, असं म्हणावं तर मी अख्खाच गोळा.

अवनी मात्र अडून बसली. तिने शेजारचा गुळगुळीत, माझ्याहून जड असा लोखंडी गोळा आणला, लांबी तीच ठेवली आणि पुन्हा झोके मोजले. उत्तर तेच, १०.८८. मी सुटकेचा निःश्वास टाकला. झोक्याचा वेळ दोऱ्याच्या लांबीवर ठरतो, गोळ्याच्या वजनावर नाही, हे मी एकतीस वर्षं झुलून झुलून सांगतोय. पण मग चुकत कुठे होतं? तिने मला पुन्हा टांगलं आणि मोठ्याने मोजायला लागली.

मांजरी गावाहून येणारे लॅब असिस्टंट बजरंगमामा फडक्याने टेबल पुसत होते. ते थांबले.

"ताई, सोडतानाच एक म्हनताय व्हय?" ते म्हणाले. "त्यो अजून जाऊन आला कुठं हाय? सोडताना शून्य म्हना."

अवनीने कपाळावर हात मारला. वीस म्हणेपर्यंत माझे एकोणीसच झोके होत होते. तिने शून्यापासून मोजलं. आधीच्या ३८.१ ऐवजी ४०.१ सेकंद लागले आणि उत्तर आलं ९.८२. आमोदने ओशाळून लाल दोरा स्वतःच्या हाताने सोडला. मला इतका आनंद झाला, की सोडून दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत झुललो असतो.

अवनी खोडरबर घेऊन आधीचा १०.८८ पुसायला निघाली, तेवढ्यात उल्का मॅडम आल्या.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या. "अख्ख्या बॅचने खरोखर मोजलेले हे दोनच आकडे आहेत."

तेव्हा मित्रांनो, तुमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या उपकरणांना जपा, हळू उचला, हळू ठेवा. आणि आमच्याकडून भलतंच उत्तर आलं तर ते लपवू नका, आम्हाला बोलही लावू नका. आणखी एकदा टांगा आणि मोजा. आम्हाला झुलायचा कंटाळा येत नाही.