पाण्याची वंशावळ

इसाउराच्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा झाला ते साल दोन हजार सतरा. त्याच साली, कॉफीची तोड संपत आली असताना, प्रोफेसर बेलिसारिओ गावात उतरला आणि चर्चमागच्या पटांगणात माणसांची रीघ लागली. शीतपेटीएवढं यंत्र, निळे दिवे, घरघर. नळीत थुंकून दिलं की पडद्यावर अक्षरं धावत सुटायची आणि प्रोफेसर डोळे मिटून सात पिढ्या सांगायचा.

"मालक, तुमचे पणजोबा खाणीत दबून मेले. त्यांची धडधड तुमच्या रक्तात उरलीय. ती अक्षरं आपण धुऊन काढू."

धुवायला बाटलीतलं निळं पाणी. माणसं हात जोडून पीत होती.

इसाउराचा धाकटा भाऊ एलादिओही प्यायला. या घराण्यातले पुरुष चाळिशीच्या आत चालता चालता कोसळत. बाप तसा गेला, दोन भाऊ तसेच. कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या विद्यापीठाने बावीस नातेवाइकांचं रक्त नेलं, जनुकं वाचली, एका अक्षराची चूक शोधली आणि ती ज्यांच्यात निघाली त्यांना रोजची गोळी लावून दिली. एलादिओ तिच्यावर सहा वर्षं जगला होता.

"गोळ्या ओढ्यात टाकल्या, ताई," तो म्हणाला. "विद्यापीठवाल्यांनी नुसतं वाचलं. ह्याने पुसलं."

"आणि तुझी अक्कलही पुसली." इसाउराने मुलीला फोन लावला.

तुलिया त्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नळ्या भरायची. रविवारी पहिल्या बसने येऊन ती रांगेत उभी राहिली. प्रोफेसरची बायको किटलीतून कॉफी वाटत होती.

"कुणाची गं नळी?"

"आजीची. आजोबा घोड्यावरून पडून मेले, तेव्हापासून अंथरुणाला खिळलीय."

शेजारच्या दोघींनी भुवया उंचावल्या, पण तोंड मिटून ठेवलं.

यंत्र घरघरलं. "म्हातारी आहे," प्रोफेसर पुटपुटला. "अंथरुणावर. घराण्यात घोड्याचा घात. मूत्रपिंड कमजोर."

"आजी माझ्या जन्माआधीच वारली," तुलिया म्हणाली. "नळीत पाणी आहे. आमचं यंत्र एका खेपेत शे-दीडशे माणसं वाचतं, त्यात एक नळी मुद्दाम पाण्याची ठेवतो. पाण्यातून अक्षरं निघाली तर अख्खी खेप कचऱ्यात. तुमच्या पाण्याला तर मूत्रपिंडही आहे."

"श्रद्धा नसली की यंत्र बिघडतं, पोरी."

"बिघडलंय कुठे?" तिने नळी उपसली. अक्षरं धावतच राहिली. बाजूला उभ्या इसाउराने यंत्राचं झाकण उचललं. आत घरघरणारा पंखा, आणि पडद्याला जोडलेली एक चित्रफीत, फिरून फिरून तीच. पिढ्या जाणणारं खरं यंत्र किटली घेऊन रांगेत हिंडत होतं, आणि गाव त्याच्यापाशी आपणहून तोंड उघडत होतं.

तेव्हा, बाबांनो, कुणी तुमचं रक्त वाचतो म्हणाला तर आधी त्याच्यापुढे पाणी ठेवा. पाण्यात काही नाही असं त्याला सांगता आलं, तरच पुढचं ऐका. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

एलादिओ मान खाली घालून उभा होता.

"चुलत भाऊ हेर्मानलाही हीच गोळी आहे, त्याच्याकडून आजची मागून आणते," इसाउरा म्हणाली.

"नको. सगळं गाव हसेल. उद्या आरोग्यकेंद्र उघडलं की माझ्या गोळ्या मीच आणतो."

"मामा, हसू दे गावाला," तुलिया म्हणाली. "तेही निळं पाणी प्यायलंय."

त्याने ऐकलं नाही.

सोमवारी, अठरा डिसेंबरला, सकाळी सातच्या सुमारास आरोग्यकेंद्राच्या चढावर एलादिओ वारला. वय एक्केचाळीस.