कोऱ्या पाण्याची बाटली

प्रयोगशाळेतल्या बाईंना मुलगी झाली, त्या वर्षी मी भट्टीतून बाहेर आले. मित्रांनो, मी एक जुनी, रुंद तोंडाची काचेची बाटली आहे. नदीत प्लॅस्टिकचे बारीक कण आहेत का, हे तपासायला माझ्या बहिणी नदीवर जात आणि पाणी भरून येत. माझ्यात मात्र शुद्ध पाणी भरत. पुढे सगळ्यांचे सारखेच. रसायन घालून काडीकचरा विरघळवायचा, मीठ घालून हलके कण वर आणायचे, गाळायचे, आणि गाळणीवर उरेल त्यावर न दिसणारा किरण टाकून प्लॅस्टिक ओळखायचे. माझ्यात काही सापडले, तर दोष नदीचा नाही, आमच्या खोलीचा. म्हणून मी कायम भेदरलेली असे.

एकदा माझ्यात निळे धागे निघाले. बहिणींच्या पाण्यात तर निळे धागे आणि शिवाय कितीतरी रंगीत तुकडे. गावाच्या नळालाही त्याच नदीचे पाणी. पण प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "बाई, कोऱ्या पाण्यातच प्लॅस्टिक? लोक आपल्यालाच हसतील. फेका हे सगळे."

बाईंनी अंगातल्या निळ्या स्वेटरचा धागा काढून किरणाखाली धरला. तंतोतंत तोच. स्वेटर बाईंच्या आईने विणलेला. ती डबा घेऊन आली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आई, तुझी लोकर प्लॅस्टिकची निघाली गं."

"काहीतरीच! मेंढीची आहे. दुकानदाराने शपथ घेऊन दिली."

"मग ती मेंढी कारखान्यात कामाला असेल."

"हस, हस. थंडी वाजली की माझ्याकडेच येशील."

स्वेटर खुंटीला गेला. बाईंनी सुती कोट चढवला आणि नदीचे पाणी पुन्हा आणवले. साऱ्यांना मनातून वाटत होते, चूक आपलीच निघू दे. मलाही.

माझी गाळणी कोरी निघाली. इतकी मी कधीच घाबरले नव्हते. कारण बहिणींच्या गाळण्यांवर तुकडे होतेच. म्हणजे ते नदीतलेच होते. साहेबांनी अहवालावर सही केली.

आई तेव्हा नळाखाली पेला धरून उभी होती.

"आई, थांब! पिऊ नकोस ते!"

"अगं, मग काय पिऊ?"



आता माझ्या तोंडाचा टवका उडाला आहे. मी फळीवर धूळ खाते. स्वेटर अजून समोर खुंटीला आहे. मित्रांनो, हातातली पिशवी पाण्यात सोडू नका. ती दिसेनाशी होते, संपत नाही.

बाईंची मुलगी शाळेत जाऊ लागली, त्या वर्षीच्या थंडीत बाईंची आई वारली. कशाने, ते माझ्या गाळणीवर दिसत नाही.