एकही किलोमीटर न धावलेला

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे आणि मी अगदी कोरा आहे. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी नीट बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. एखादा पांढऱ्या केसांचा गृहस्थ 'मी अजून शाळेत गेलेलो नाही' असे म्हणाला तर तुम्ही जसे बघाल, तसेच लोक माझ्याकडे बघत आले आहेत. त्यात त्यांची काही चूक नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी, गंधक आणि पोलादाच्या बारीक तारा असे सगळे एकत्र करून मला तापलेल्या साच्यात दाबले. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस उभे होते. नव्या टायरला ते असतातच, रस्त्यावर पडला की लगेच झिजून जातात. साच्यातच माझ्या बाजूवर चार आकडेही उमटले होते. वर्षाच्या कितव्या आठवड्यात जन्मलो आणि कोणत्या वर्षी, एवढेच ते सांगतात. माणसाचा जन्मदाखला कपाटात असतो, त्यामुळे त्याला वय चोरता येते. टायरचा दाखला बरगडीवर असतो.

मी मागच्या चाकाचा टायर. तोसुद्धा साध्या गाडीचा नव्हे, तर वेगाने पळायचे आणि लांबही जायचे, असे दोन्ही हट्ट एकदम करणाऱ्या मोठ्या मोटारसायकलीचा. तिला स्पोर्ट-टूरिंग म्हणतात. अशा गाडीसाठी मला मधोमध टणक बनवले होते, म्हणजे सरळ रस्त्यावर मी पुष्कळ टिकावे. दोन्ही कडांना मात्र मऊ ठेवले होते, म्हणजे गाडी वळणावर कलली की मी रस्ता घट्ट धरावा. थोडक्यात, मध्ये हेडमास्तर आणि कडेला कवी. असा माणूस घरात असला तर कठीण जाते, टायर असला तर चालतो.

कारखान्यातून मी एका टायरच्या दुकानात आलो. दुकानदाराला मी काका म्हणतो, कारण पुढे त्याची पुतणी तसे म्हणायची आणि मला दुसरे नाव कुणी सांगितले नाही. काकाचा थोरला भाऊ म्हणजे दादा. दादाकडे तशी मोठी मोटारसायकल होती आणि तिचा मागचा टायर मधोमध झिजून पाटासारखा सपाट झाला होता. दादा नवा टायर निवडायला आला आणि निवडतच राहिला. आठवडे गेले, महिने गेले. तो फळीवरचा एकेक टायर मांडीवर घेऊन बसायचा.

"हा वळणावर चिकटेल," तो म्हणायचा, "पण चार लांब फेऱ्यांत संपेल. तो टिकेल, पण ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा काय?"

"दादा, लग्नाच्या वेळी मुलगी पसंत करायला इतका वेळ नव्हता घेतलास," काका म्हणायचा.

"तेव्हा मी कुठे निवडत होतो? तुझ्या वहिनीनं निवडलं. तिनंही वेळ घेतलाच की."

"तिनं एकदा तरी ठरवलं. तू आता चहा पिऊन जाशील आणि उद्या परत याल, तू आणि तुझी शंका."

खरे कारण वेगळे होते. दादाला एक मुलगी होती. तान्हेपणी ती रडायला लागली की रस्त्यावरची माणसे बाजूला सरकायची, म्हणून दादाने तिचे नाव हॉर्न ठेवले. शाळेत तिचे दुसरे काहीतरी नाव होते, ते दुकानात कुणाला येत नव्हते. तर या हॉर्नला मागे बसवून लांब फिरायला न्यायचे, असे दादाने कबूल केले होते. अट एकच होती. मागे बसणाऱ्याचे पाय पायदानावर नीट टेकले पाहिजेत. लोंबकळणाऱ्या पायांनी कुणाला मागे बसवायचे नसते. म्हणून दादा दुकानासमोर गाडी स्टँडवर लावायचा आणि तिला वर बसवून विचारायचा.

"टेकले?"

"टेकले!"

"चवड्यांवर उभी राहू नकोस. बूड टेकवून सांग."

"मग नाही टेकले," हॉर्न म्हणायची आणि पायांकडे असे बघायची की जणू त्यांनी फितुरी केली आहे.

एके दिवशी दादाने माझ्या कडेला अंगठा दाबला. पुन्हा दाबला. मग मला फळीवर न ठेवता काकाच्या हातात दिले आणि म्हणाला, "हाच." मित्रांनो, माझ्या आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही. शेजारच्या टायरांनी तोंडे फिरवली. टायर गोल असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नाही.

मला चाकावर चढवायचे पुढच्या रविवारी ठरले. पण त्या रविवारी दादाला बरे नव्हते. त्याच्या पुढच्याही रविवारी नव्हते. त्या आजाराचे नाव दुकानात कुणी मोठ्याने घेत नव्हते. काका फोनवर बोलायला बाहेर जायचा आणि आत आला की विनाकारण नट पिळायचे पाने पुसत बसायचा.

बऱ्याच दिवसांनी दादा आला तेव्हा शर्ट त्याच्या अंगात हिंडत होता. हॉर्न गाडीवर चढली. बूड टेकवून बसली. आणि ओरडली, "बाबा, टेकले! दोन्ही टेकले!"

खरेच टेकले होते. दादाने हँडल धरले आणि तिला घेऊन गाडी सावरता येते का ते बघायला स्टँड काढला. गाडी कलली. काका धावला.

"दादा, सोड. मी धरलीये. सोड तू."

गाडी पुन्हा स्टँडवर गेली. हॉर्नला काय झाले ते नीटसे कळले नाही. ती म्हणाली, "परत करू या?"

"करू," दादा म्हणाला. "आधी मी जरा बसतो."

तो एका पालथ्या घातलेल्या डब्यावर बसला. थोड्या वेळाने काकाला म्हणाला, "तो टायर कुणाला देऊ नकोस."

"वेडा आहेस का? तुझाच आहे तो."

"जप त्याला."

त्यानंतर दादा दुकानात आला नाही. त्याची गाडी घरी ताडपत्रीखाली गेली.

काकाने मला जपले. एवढे जपले की काय सांगू. मला जमिनीवर टेकू दिले नाही. इकडून तिकडे न्यायचे असेल तर दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखे न्यायचा. दर आठवड्याला पॉलिश लावायचा. आणि त्याने मला दुकानाच्या दर्शनी काचेच्या आत, रस्त्याकडे तोंड करून टांगले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'टायर उन्हात ठेवू नका हो' असे बजावणाऱ्या माणसाने मला नेमके उन्हात टांगले. कारण विचाराल तर दादाला रस्ता बघत बसायला आवडायचे. टायरला तिथून रस्ता दिसेल, असे काकाला वाटले. मित्रांनो, दिसायचा. दिवसभर दिसायचा.

लोक थांबायचे. "काय टायर आहे! द्या हा."

"विकायचा नाही."

"मग टांगलाय कशाला?"

"राहतो तो इथे," काका म्हणायचा, आणि पुढचे बोलणे आपोआप संपायचे.

पंक्चर होऊन आलेले टायर माझ्याखाली भिंतीला टेकून बसायचे. त्यांच्याकडे सांगण्यासारखे खूप असायचे. कुणी धुक्यातून आलेला, कुणी पुराच्या पाण्यातून. सामान पोचवणाऱ्या स्कूटरचा एक चिमुकला टायर पोटात खिळा घेऊन आला होता आणि त्या खिळ्याचे त्याला फार कौतुक होते. त्याने मला विचारले, "तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात?"

"भिंतीवर," मी म्हणालो.

"आणि त्याआधी?"

"फळीवर."

त्या बिचाऱ्याने मला खालून वर न्याहाळले. मग म्हणाला, "पण चमकता छान."

अशी वर्षे गेली. काचेतून येणारे ऊन रोज माझ्या अंगावरून सरकायचे आणि प्रत्येक वेळी माझ्यातला थोडासा मऊपणा घेऊन जायचे. बाहेरून मी काळाभोर होतो. आतून मला कळत होते की कडेचा कवीसुद्धा आता हेडमास्तर झाला आहे.

मग एका सकाळी दुकानासमोर तीच मोटारसायकल येऊन उभी राहिली. टेम्पोतून उतरवली होती. सोबत एक उंच तरुणी आणि तिची आई होती. ती बोलली तेव्हा मी ओळखले, कारण रस्त्यावरची माणसे बाजूला सरकली.

"काका! इंजिन झालं, ब्रेक झाले, साखळी नवी टाकली. पुढचा टायरही घातला. आता मागचा. काढ तो."

"कोणता?" काका म्हणाला.

"कोणता काय? आता ओळखही विसरलास का त्याची?"

काकाने मला काढले नाही. तो लगबगीने आत गेला आणि दुसरे तीन टायर घेऊन आला. "हा बघ. अगदी नवीन. पावसात तर असा धरतो, की... आणि हा बघितलास का? याच्या खाचा बघ."

"काका, बाबांनी निवडलेला टायर तिथे आहे. त्यांनी त्यात महिने घालवले. मी आईला घेऊन पहिल्यांदा लांब चाललेय. मला त्यांचाच हवाय."

काका स्टुलावर चढला. मला दोन्ही हातांत घेऊन खाली उतरला. मित्रांनो, मी किती आनंदलो म्हणून सांगू! आणि त्याच क्षणी मी घाबरलो. मी त्या चाकावर बसलो असतो तर पहिल्या ओल्या वळणावर माझी कड रस्त्यावरून साबणासारखी सरकली असती. हे मला माहीत होते. तरी मला जायचे होते. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही वाटले असते.

"नख दाब," काका म्हणाला. "आधी त्या नव्यावर."

तिने दाबले. नव्या टायरवर चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. मग तिने माझ्यावर दाबले. मी सगळा जीव एकवटून मऊ व्हायचा प्रयत्न केला. तिचे नख वाकले.

"धावला की गरम होईल. मग होईल मऊ," ती म्हणाली.

काकाने मला गुडघ्याने दाबून वाकवले. माझ्या खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या, त्या उघडल्या. पॉलिशने त्या इतकी वर्षे झाकल्या होत्या.

"तू तर जपला होतास ना?"

"जपला ना. त्यानंच गेला." काका माझ्याकडे बघत राहिला. "उन्हात टांगला मी. मला वाटलं, दादाला रस्ता दिसेल."

"काका, बाबा भिंतीवर नव्हते."

"माहितीये गं."

कोपऱ्यातला हवा भरायचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला, धापा टाकून बंद पडला.

"मी हळू चालवीन," हॉर्न म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. तिच्या नावाला शोभेल असा नव्हताच.

"दादा महिनोन्महिने काय बघत बसला होता? मागे तू बसणार होतीस. तू पडू नयेस, एवढंच बघत होता. आज तो असता ना, तर हा टायर गाडीजवळ आणला म्हणून त्यानं मला इथून हाकलून दिलं असतं."

तिने मला एकदा हात लावला. मग डोळे पुसले आणि त्या तीन टायरांसमोर मांडी घालून बसली. एकेक उचलून मांडीवर घ्यायला लागली.

"याच्या कडा मऊ आहेत, पण दोघींचं ओझं पेलेल ना? आईचं वजन किती धरायचं?"

"हळू बोल. वहिनी बाहेर उभ्या आहेत."

"मला ऐकू येतंय, भाऊजी," बाहेरून आवाज आला. "आणि जास्तच धरा. कमी धरून मला पाडू नका."

हॉर्नने मधला टायर निवडला. तो ओल्या रस्त्यासाठी चांगला होता आणि दोन माणसे व सामान पेलणारा होता. काकाने तो साबणाच्या पाण्याने रिमवर चढवला, हवा भरली, चाक फिरवून तोल बघितला. "नवा टायर निसरडा असतो," त्याने बजावले. "आज वळणावर फार कलू नकोस. जरा घासला जाऊ दे." मीही त्या नव्याला हेच सांगितले. त्याचे माझ्याकडे लक्ष नव्हते. त्याचे केस उभे होते आणि तो दाराकडे बघत होता.

"याचं काय करायचं?" हॉर्नने माझ्याकडे बोट दाखवले.

"मागे भंगारात. पण कापून टाकावा लागेल. कोरा दिसतो म्हणून कुणी उचलून गाडीला घातला तर जीव जायचा."

"मी ठेवते मागे."

तिने मला उचलले नाही. काका सोडला तर टायर काही कुणी उचलून नेत नाही. तिने मला उभे केले, वर हात ठेवला आणि ढकलले. मी फिरलो. दुकानाच्या फरशीवरून, उंबऱ्यावरून टुणकन उडी मारून, मागच्या बोळातल्या खडबडीत सिमेंटवरून मी गेलो. माझे केस रस्त्याला घासले. दोन खडे माझ्या खाचेत अडकले. एका ओल्या जागी मी थोडा घसरलो आणि तिने सवयीने सावरले. ती फोनवर पावसाचा अंदाज बघत होती. तिला काही कळले नाही. भंगाराच्या ढिगापाशी तिने मला सोडले, मी दोन गिरक्या घेतल्या आणि आडवा झालो.

काका पाते घेऊन आला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने माझी बाजू कापली. मला दुखले नाही. त्याला दुखले असावे, कारण काम दोन मिनिटांचे असताना तो तिथेच बसून राहिला.

समोरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मागोमाग वहिनींचा, "अगं हळू!" रस्त्याच्या टोकाला वळण आहे. मी इतकी वर्षे ते काचेतून बघत होतो. आवाज वळणापाशी गेला, किंचित खाली आला, अडखळला नाही, आणि पलीकडे निघून गेला. मग काका उठला.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे बहुतेकजण शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करतात. मी उलटे सांगतो. मला ज्याने जपले त्याच्याइतके प्रेम माझ्यावर कुणी केले नाही, आणि त्या प्रेमातच मी वाया गेलो. तुमच्या कपाटात चांगल्या दिवसासाठी ठेवलेली रंगपेटी असेल, तर आज उघडा. नवे बूट असतील तर पाय वाढायच्या आत घाला. आणि घरातल्या कुणाच्या गाडीला जुना पण छान दिसणारा टायर असेल, तर त्याच्या बरगडीवरचे आकडे वाचा आणि त्याला एकदा नख लावून बघा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.