वास नसलेला गॅस

"गोरक्ष, थांबू नकोस, फिरव अजून!" याकोबने ओरडून सांगितलं आणि गॅसच्या नळीच्या तोंडाशी रुमाल धरला.

गोरक्ष ड्रायव्हर घामाघूम होऊन भट्टीच्या पंख्याचा दांडा फिरवत होता. मोटारीच्या मागच्या बाजूला कोळसा पेटला होता. याकोबने रुमाल काढून मालकांपुढे, आबासाहेबांपुढे धरला. त्याच्या बायकोने, दीनाने धुऊन दिला होता तसाच तो पांढराशुभ्र होता, कोपऱ्यातल्या निळ्या दोऱ्याच्या फुलासकट.

"शाब्बास रे पठ्ठ्या," आबासाहेब म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळेनासं झालं आणि आबासाहेबांची नगर-जामखेड मोटार कोळशाच्या गॅसवर धावू लागली. धावू लागली असं आपलं म्हणायचं! चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. गॅसबरोबर राख आणि डांबरासारखा चिकटा इंजिनात जाई, आणि दर आठवड्याला इंजिन खोलून बसावं लागे. याकोब फिटर चौथीपर्यंत शिकलेला, पण डोकं भारी. चार महिने खपून त्याने गाळणीचं पिंप तयार केलं. तळाला लिंबाएवढे कोकचे, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाचे तुकडे, त्यावर बोराएवढे, त्यावर हरभऱ्याएवढे आणि सगळ्यात वर तेलात भिजवलेला घायपाताचा काथ्या. थर दाट बसला तर गॅस अडे, विरळ बसला तर राख निसटे. किती वेळा त्याने ते पिंप भरलं आणि उपसलं, याला गणती नव्हती.

कोक चाळायचं काम दीनाचं. "माज्या पिठाच्या चाळनीचं पार वाटोळं केलंत तुमी," असं म्हणत ती पुन्हा चाळायला बसे. तिच्या नखांतला काळा रंग रविवारी ख्रिस्ती देवळात जातानाही निघत नसे.

त्या दिवशी तीच जामखेडला निघाली होती, नाताळासाठी माहेरी. मांडीवर करंज्यांचा डबा होता. डिसेंबरची थंडी मी म्हणत होती. ती थेट मागच्या बाकावर, पिंपाला लागून बसली.

"पुढं बस की," याकोब म्हणाला.

"इथं ऊब हाय. आन् तुमच्या पिंपावर लक्ष बी ऱ्हाईल," ती हसून म्हणाली. "तुमी या परवा. उशीर नका करू."

मोटार गेली. याकोब दीनाकडे नाही, पिंपाकडे बघत उभा होता. हे त्याला पुढे जन्मभर खुपलं.

संध्याकाळी मोटार रिकामी परत आली. गोरक्ष खाली उतरून थेट याकोबपुढे आला.

"दादा, वाटेत निजामाच्या हद्दीच्या नाक्यावर गाडी थांबली. झडतीला येळ लागला. समदे उन्हाला उतरले. वहिनी म्हनल्या, मी बसते, गार लागतंय. खिडक्यांचे पडदे बी त्यांनीच सोडून घेतले." त्याने डोकं धरलं. "आमाला वाटलं, डोळा लागलाय. हलवलं, तर गेलेल्या; तसंच जामखेडला म्हायेरी पोचवलं. धूर न्हाई दादा, वास न्हाई. जरा जरी वास आला असता, तर मी वढून काडलं असतं त्यान्ला."

याकोबने मागे जाऊन पिंपाचं झाकण हलवून पाहिलं.

रस्त्याच्या धक्क्यांनी पिंपाच्या झाकणाचा सांधा सैल झाला होता. इंजिन बंद, भट्टी मात्र पेटलेली. गॅस आत साचत राहिला. पूर्वी असा सांधा सुटला की उग्र वास सुटे आणि उतारू खोकत, शिव्या देत खाली उड्या मारत. तो वास याकोबने मोठ्या मेहनतीने गाळून टाकला होता. गॅसमधलं विष मात्र होतं तिथेच होतं, कारण मोटार चालायची तीच मुळी त्या विषावर. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो रुमाल दाखवत फिरला होता.

दीनाला जामखेडलाच माती दिली. नाताळ गेला.

दहाव्या दिवशी याकोब कामावर आला. त्याने झाकणाचा सांधा नव्याने आवळला. मग पिंप उघडून वरचा काथ्या उपसला, हरभऱ्याएवढा कोकही सगळा काढून टाकला.

"अरे, इंजिन खराब व्हईल!" आबासाहेब धावत आले.

"व्हऊ द्या. मी खोलीन दर आठवड्याला, रोजसुद्धा खोलीन."

"येवढी मेहनत केलीस, आन् आता—"

"वास यायला पायजे, आबासाहेब," याकोब म्हणाला. "मानसाला कळाया पायजे."

आबासाहेब बाजूला झाले.

गोरक्षने पंखा फिरवला. चढायला आलेल्या लंकाबाईंनी नाकाला पदर लावला. "काय मेला वास सुटलाय!"

"आला ना, मावशी?" याकोबने विचारलं. "गाडीत असा वास आला की बसून ऱ्हायचं न्हाई, लगेच खाली उतरायचं. आन् बसा पुढच्या बाकावर."

सवयीने त्याचा हात खिशात गेला. त्याने रुमाल नळीशी धरला. काळा डाग पसरत कोपऱ्यापर्यंत गेला आणि निळं फूल दिसेनासं झालं. याकोबने रुमालाची नीट घडी घातली, तसाच काळा तो खिशात ठेवला आणि गोरक्षला गाडी काढायची खूण केली.