खोडलेली खूण

शास्त्र मुखोद्गत असणे आणि ते आचरणात उतरणे या दोहोंमधले अंतर बहुतेकांना मोजता येत नाही. थोरल्या सुताराने ते आयुष्यभर पेन्सिलीने मोजले. बायबलातले एखादे वचन आपल्या हातून खरोखर पाळले गेले, की त्याच दिवशी तो त्याच्या समासात एक बारीक खूण करी. नुसते वाचून झालेल्या वचनाला खूण नसे. सांधा बसल्यावाचून काम पुरे म्हणू नये, हा त्याचा धंद्यातला नियम त्याने ग्रंथालाही लावला होता.

अलीकडे नजर अधू झाल्याने सकाळचे वाचन लेकीकडे आले होते. त्या दिवशी वाचता वाचता ती थांबली आणि पान उजेडाकडे धरून पाहू लागली.

"बाबा, इथं कागद झिजलाय. पलीकडचं दिसतंय."

"कुठल्या वचनापाशी?"

"अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जाऊन समेट करायला सांगितलंय ना, तिथं."

म्हाताऱ्याने कप बशीत ठेवला. तो नीट बसला आहे की नाही, हे बोटांनी चाचपून पाहिले.

"तीनदा खूण केली. तीनदा खोडली."

"पण काकाकडे तुम्ही गेला होतात की! काकूच्या आजारपणात, मग त्यांच्या मुलाच्या लग्नात..."

"गेलो. गोड बोललो. पोटभर जेवून आलो. सकाळी ग्रंथ उघडला की ती खूण खोटी वाटायची." त्याने कप बाजूला सारला. "शाळेचा जिना आठवतो?"

लेकीला हसू आले. घरात कुणी भाकरी वाकडी थापली, कापड तिरके कापले, की 'काकाची पायरी' म्हणायची पद्धतच पडली होती. अठरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने कापलेल्या त्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांहून चार बोटे उंच झाली होती. चार माणसांदेखत थोरल्याने त्याला बोल लावला, आणि धाकटा करवत खाली ठेवून जो गेला, तो दोघांच्या सुतारकामाच्या कारखान्यात पुन्हा आला नाही.

"त्यानं मी दिलेल्या मापानं कापलं होतं," म्हातारा म्हणाला. "माप माझं चुकलं होतं."

लेकीचे हसू ओठांवरच विरले. तिने ग्रंथ मिटला.

"काका आज दुपारी चाललाय, बाबा. मुलाकडे, कायमचा."

"म्हणूनच हा अध्याय आज वगळ, असं तुला सांगणार होतो. जीभ वळली नाही." तो उठला. "माझ्या चपला कुठायत?"

धाकट्याच्या दारात टेम्पो उभा होता. तो स्वतः सामानावर दोर आवळत होता.

"ये दादा! अगदी शेवटची गादी चढल्यावर आलास. तुझी वेळ कधी चुकायची नाही!"

थोरला लेकीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"त्या दिवशी चार माणसं होती. आज इथं किती आहेत?"

"काकू आहे, आणि दोन हमाल," लेक म्हणाली. "आणि मी."

"पुरेत." त्याने घसा साफ केला. "शाळेच्या जिन्याचं माप मी चुकीचं दिलं होतं. ह्याचा काही दोष नव्हता. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो."

हमालांनी एकमेकांकडे पाहिले. धाकट्याने हातातली गाठ पुरी केली. एरवी लागतो त्याहून तिला फार वेळ लागला.

"मलाही ठाऊक होतं, दादा. त्याच संध्याकाळी जाऊन जिना मोजून आलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो, तर तुला सांगायला काय उरलं असतं?"

काकूने पदराने डोळे टिपले. "अठरा वर्षं रोज यांच्या प्रार्थनेत तुमचं नाव असतं, भाऊजी. मला आपलं वाटायचं, तुमची तब्येत बरी नसते."

थोरल्याचा हात पुढे झाला, आणि हवेत चुकत असलेला तो हात धाकट्याने धरला.

"उशीर होतोय," टेम्पोवाला पुढून ओरडला.

"होऊ दे," धाकटा म्हणाला. आताच आवळलेला दोर त्याने सोडला, दोन खुर्च्या खाली उतरवल्या आणि अंगणात मांडल्या. "बस. जरा डावीकडे. हां."

दोघे शेजारी बसले. बोलायला फार तर अर्धा तास होता. जो काळ त्यांच्या वाट्याला उरला आहे, तो त्यांना पुरेसा होवो. आणि जे उशिरा येतात, जे त्यांची वाट पाहतात, त्या सर्वांचे कल्याण असो.